नाळेतलं रक्त

पळसदेवात संदेशला सगळे डॉक्टर म्हणत, आणि तो काही कुणाला दुरुस्त करायला जात नसे. खरं तर तो बारामतीच्या एका दूध केंद्रावर गायी भरवायच्या, म्हणजे कृत्रिम रेतनाच्या, कामाला होता. कुणाची गाय माजावर आली की निरोप यायचा आणि संदेश मोटारसायकलला अतिथंड द्रव नायट्रोजनचं कॅन बांधून निघायचा. गोठ्यात झाकण काढलं की पांढरी वाफ भसाभस बाहेर सांडायची. त्या वाफेतून तो चिमट्यानं एक बारीक कांडी उचलायचा, कोमट पाण्यात धरायचा, आणि कुठल्या तरी लांबच्या बैलाचं बी जळोचीच्या नाहीतर पळसदेवच्या गोठ्यात पुन्हा जिवंत व्हायचं. "बैल मरून वर्षं झाली, पर ह्यात अजून जित्ता हाय," असं तो गायीच्या मालकाला सांगायचा. मालक तोंडात बोट घालायचा. हे सांगायचा संदेशला कधी कंटाळा आला नाही.

त्याच्या घरात असल्या गोष्टींना मान होता. त्याचे वडील भिमा यांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं भीमा नदीत सोडले होते आणि मुलांना बजावलं होतं की यापुढं या घरात विचारायचं ते शिकलेल्या माणसाला. तेव्हापासून घरात अंगारा नाही, लिंबू नाही, देवऋषी नाही. संदेश आणि वृषालीची पहिली मुलगी प्रियदर्शनी आजारी पडली तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाहेरचं काही असेल, एकदा बघून घ्या. संदेशच्या आईनं, चतुराबाईनं, त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. प्रियदर्शनी पाच वर्षांची होती. आधी तिचे पाय अडखळू लागले, मग बोलणं गेलं, मग गिळणं. इंदापूर झालं, बारामती झाली, पुणं झालं. रोगाचं नाव कळायच्या आत पोर गेली.

नाव कळलं ते अनुपच्या वेळी. अनुप, प्रियदर्शनीच्या पाठचा भाऊ, सहा वर्षांचा, पहिलीत, वर्गात सगळ्यात मोठ्यानं पाढे म्हणणारा. एक दिवस चालताना त्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. त्यानं ती घातली, चार पावलांवर पुन्हा निसटली. वृषालीनं ते पाहिलं आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. प्रियदर्शनीचीही आधी चप्पलच निसटायला लागली होती.

या वेळी संदेशनं वेळ घालवला नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं, आणि तिथल्या एका मोठ्या इस्पितळात असल्या रोगांवर संशोधन करणारे एक डॉक्टर भेटले. मऊ आवाजाचे, उतारवयाचे. त्यांनी मोटारीच्या वायरीचं उदाहरण दिलं. मेंदूतल्या तारांवर एक वेष्टन असतं, ते या मुलांच्यात झिजत जातं. झिजू नये म्हणून शरीरात जो रस बनावा लागतो तो यांच्यात बनतच नाही. आईकडून एक दोष, बापाकडून एक दोष, दोन्ही एकत्र आले की हे होतं.

"तुमचं लग्न नात्यातलं आहे का?" त्यांनी विचारलं.

वृषाली संदेशच्या मामाची मुलगी होती. चतुराबाईनं मोठ्या हौसेनं भावाची पोरगी सून करून आणली होती. हे घरी कळल्यावर त्या बाईनं काही दिवस सुनेच्या ताटाजवळ ताट मांडलं नाही. कुणी तिला बोल लावला नव्हता. पण माणूस स्वतःला बोल लावायला दुसऱ्याची वाट थोडीच बघतो.

वृषालीला तेव्हा दिवस गेलेले होते. डॉक्टरांनी पोटातल्या बाळाचं पाणी तपासलं. बाळ निरोगी निघालं. आणि मग डॉक्टरांनी ते सांगितलं, ज्याच्यावर या घरानं पुढचे सगळे महिने काढले. बाळंत झाल्यावर नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं त्यात कोवळ्या पेशी असतात. त्या अनुपच्या अंगात घातल्या, आणि त्या तिथं रुजल्या, तर जो रस त्याच्यात बनत नाही तो त्या बनवतील. परदेशात मोजक्या मुलांवर हे झालं आहे. काही वाचली, काही नाही. बाळाचं रक्त अनुपशी जुळायला हवं, आणि रोग पुढं जायच्या आत हे व्हायला हवं.

"मी खात्री देत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण अनुपचं अजून थोडंच बिघडलंय. ही वेळ चांगली आहे."

बाहेर आल्यावर वृषालीनं विचारलं, "तुमाला कळलं का समदं?"

"कळलं," संदेश म्हणाला. "आमच्या कामासारखंच हाय. जित्त्या पेशी असत्यात. त्या नीट पोचवायच्या."

त्याला खरंच कळलं होतं. निदान त्याला तसं वाटलं, आणि वाटण्यात बळ होतं. घरी येऊन त्यानं आईला समजावलं. ज्या नाळेला आजवर खड्डा करून पुरलं तीच आता नातवाला तारणार, हे ऐकून चतुराबाई येईल त्याला सांगत सुटली.

ठरलं असं की नववा लागला की वृषालीनं मुंबईलाच जाऊन राहायचं. पण पोटातल्या बाळाला ठरवलेलं कुठं ठाऊक असतं? अठ्ठ्याण्णवचा मे महिना. उजनी धरणाचं पाणी पार तळाला गेलेलं, एरवी त्यात बुडालेलं जुनं देऊळ कळसापासून पायरीपर्यंत उघडं, आणि ऊन असं की दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडेना. एका सकाळी वृषालीच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिचा भाऊ रतन जीप चालवायचा. त्यानं तिला इंदापूरच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना मुंबईच्या डॉक्टरांनी आधीच फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. रक्त घ्यायची खास पिशवीही पाठवली होती. बाईंनी काम चोख केलं. मुलगी झाली, रडली, नाळ कापली, आणि नाळेतलं रक्त थेंब न थेंब त्या पिशवीत उतरलं. बाईंनी पिशवी हलवून हलवून संदेशच्या हातात दिली.

"सरळ मुंबईला न्या. उन्हापासून जपा, तापू देऊ नका," असं म्हणून त्या आत दुसऱ्या बाळंतिणीकडं पळाल्या. तिची घडी भरली होती.

पिशवी कोमट होती. संदेश ती घेऊन वृषालीच्या खाटेपाशी आला. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. तिनं हात लांब करून पिशवीला बोटं लावली.

"एवढंसंच हाय वो," ती म्हणाली.

"पुरंल."

"माझ्या लुगड्यात गुंडाळा. ओलं करून. आन निघा. वाटंत कुठं थांबू नका."

"ओल्या लुगड्यानं काय हुतंय? बाहेर आग पडलीया. मुंबई हितं हाय का? जाईस्तोवर नासंल."

"मग?"

"मी बघतो. ह्यातलं तुला कळत न्हाय."

तिनं पिशवीवरची बोटं काढून घेतली. त्याचं हे वाक्य लक्षात ठेवा, कारण संदेशच्या लक्षात ते मरेपर्यंत राहणार आहे.

दवाखान्यासमोरच्या बूथवरून त्यानं मुंबईला फोन लावला. डॉक्टर कुठल्याशा बैठकीला गेले होते, संध्याकाळी भेटतील, असं उत्तर आलं. तेवढ्यात रतन सांगत आला की भिगवणपाशी रास्ता रोको आहे, ट्रकांची रांग लागलीय, आपण बारामतीवरून मोरगाव, जेजुरी करत पुणं गाठू. जीप बारामतीच्या वाटेला लागली. पिशवी ओल्या फडक्यात, फडकं डब्यात, डबा संदेशच्या मांडीवर. खिडकीतून येणारा वारा फुफाट्यासारखा होता. फडकं वाळायचं, तो ओलं करायचा. दर मैलाला त्याला वाटायचं, आत पोराचं आयुष्य नासतंय.

बारामती एमआयडीसीच्या अलीकडं त्याचं केंद्र होतं. ते समोर आलं आणि त्यानं रतनला थांबायला सांगितलं.

"दाजी, ताई म्हनली व्हती थांबू नका," रतन म्हणाला.

"ताईला काय ठावं. गाडी सावलीत लाव."

केंद्रात नायट्रोजनचं मोठं पिंप होतं, रुंद तोंडाचं. त्यात हजारो कांड्या वर्षानुवर्षं पडून असत, आणि काढल्या की जिवंत. संदेशनं ते अगणित वेळा पाहिलं होतं. बैल मेला तरी बी जगतं, तर बाळाचं रक्त एक दिवस जगणार नाही? बर्फ म्हणजे वितळणारी गोष्ट. नायट्रोजनमध्ये काळच थांबतो, असं त्यानंच लोकांना सांगितलेलं. त्यानं हात स्वच्छ धुतले, पिशवीची सुरळी केली, उकळून वाळवलेल्या कापडात बांधली, दोरा लावला आणि अलगद पिंपात सोडली. नायट्रोजन चरचरला, वाफ उसळली. मग हळूहळू शांत झाला. संदेशनं सुटकेचा श्वास सोडला. सकाळपासूनचा तो पहिलाच. मग त्यानं आणि रतननं पिंप उचलून जीपमध्ये ठेवलं.

पुढचा सगळा रस्ता तो हसत होता. जेजुरीला रतनला चहा पाजला. अनुप बरा झाला की त्याला पोहायला शिकवायचं, असं म्हणाला. अरे, कशाला तो चहा पाजलास, असं त्याला पुढं कितीदा वाटलं.

मुंबईत डॉक्टर वाटच पाहत होते. पिंप पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे काय?"

"नायट्रोजन, सर. मी त्याच खात्यात हाय. एक टक्काबी नासलं नसंल."

डॉक्टरांनी पिशवी काढून घेतली. तिच्या प्लॅस्टिकला आडवी चीर गेली होती. ते आत गेले. बऱ्याच वेळानं त्यांनी संदेशला एकट्यालाच बोलावलं. टेबलावर काचेच्या नळीत लाल पाणी होतं. रक्त नव्हे, पाणी. सरबतासारखं स्वच्छ, आरपार दिसणारं.

"गोठवण्याआधी यात काही घातलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. "ग्लिसरीनसारखं काही?"

आणि त्या क्षणी संदेशला समजलं. डॉक्टरांना पुढचं सांगावंच लागलं नाही. प्रशिक्षणात त्याला हे शिकवलं होतं. कांडीत नुसतं बी नसतं, अंड्याचा बलक असतो, ग्लिसरीन असतं, आणि तेही हळूहळू, पायरीपायरीनं थंड करतात. नाहीतर पेशीतल्या पाण्याच्या बर्फाच्या सुया होतात आणि पेशी फुटतात. परीक्षेत हा प्रश्न आला होता. त्यानं उत्तर बरोबर लिहिलं होतं. पण नोकरीत त्याच्याकडं कांड्या यायच्या त्या तयार, गोठलेल्या. इतक्या वर्षांत त्यानं फक्त वितळवलं होतं. गोठवलं कधीच नव्हतं.

"समद्या मेल्या?" त्यानं विचारलं.

"सगळ्या."

"आन तसंच आनलं असतं तर? साध्या फडक्यात?"

डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पण खोटं बोलण्याची सवय त्यांना नव्हती.

"चाललं असतं," ते म्हणाले. "या पेशी एवढ्या नाजूक नसतात. एक दिवस सहज राहतात."

संदेश खुर्चीवर बसला तो उठेना. शिपायानं पाणी आणून दिलं, तेही तसंच राहिलं. एखाद्यानं त्याच्या मुस्काटात मारली असती, शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. कुणी तसं केलं नाही. शिकलेली माणसं अशा वेळी फार हळू बोलतात, आणि ते सोसवत नाही.

पुढं बाळाच्या रक्ताची तपासणी झाली. ते अनुपशी पूर्ण जुळलं. यापरतं क्रूर काय असणार? डॉक्टर म्हणाले, अजून एक वाट आहे. बाळाच्या हाडातला मगज घेता येईल, पण बाळ एवढंसं आहे, त्याचं वजन वाढू द्या. तोवर अनुपचा रोग थांबला तर. ते ‘तर’ त्यांनी हळूच म्हटलं.

घरी संदेशनं सांगितलं, "रगत कमी भरलं. बाळ मोठं झालं की तिच्या हाडातनं घेनार हायेत."

चतुराबाईनं विचारलं, "तू येवढं गार करून न्हेलंस तरी?"

"रतनला बोलताना ऐकलंस व्हय? कमी व्हतं म्हनलं ना. नासलं न्हवतं."

वृषालीनं ते ऐकलं. रतन तिला गार करून नेल्याचं कौतुकानंच बोलला होता, आणि त्यानं चांगलंच केलं असं तिनंही धरलं होतं. तिला वाटलं, आपल्याच अंगात रक्त कमी. तिनं संदेशला एकदा तसं विचारलंही. आपण बाजरी नीट खाल्ली असती, गोळ्या चुकवल्या नसत्या, तर रक्त जास्त भरलं असतं का? संदेश म्हणाला, तसं काही नसतं. एवढंच म्हणाला. खरं सांगायचं होतं तर ती वेळ होती. ती गेली, आणि मग रोज एक वेळ जात राहिली.

बाळाचं नाव अंजली ठेवलं. सबंध घर तिच्या वजनावर जगू लागलं. दर आठवड्याला वृषाली तिला घेऊन गावातल्या डेअरीत जायची, काट्यावर ठेवायची. अंजली गुटगुटीत होती, काट्यावर बसून हसायची. आणि इकडं अनुप एकेक गोष्ट विसरत होता. आधी पाढे. मग पेन्सिल धरणं. मग तो भलत्या वेळी हसू लागला, शाळेतून गुरुजींनी घरी पाठवला. अंजली रांगू लागली तेव्हा तो भिंत धरून चालत होता. ती उभी राहिली तेव्हा तो बसून होता. संदेश रोज कामावर जायचा, कॅन उघडायचा, कांडी काढायचा. लोकांना आता तो काही सांगत नसे. लोकांना वाटायचं, पोराच्या काळजीनं गप्प झाला.

रात्रंदिवस वृषाली एकच म्हणायची, "ह्यो थांबंल का वो तोवर?" आणि संदेश म्हणायचा, "थांबंल." त्याला ठाऊक होतं की थांबणार नाही. प्रियदर्शनी थांबली नव्हती.

अंजलीचं वजन भरलं तेव्हा पुढचा उन्हाळा उतरला होता. रतनच्याच जीपमधून सगळे मुंबईला गेले. अनुप आईच्या मांडीवर आडवा, डोळे उघडे, नजर कुठंच नाही. डॉक्टरांनी त्याला तपासलं. पाय, हात, डोळ्यांत बॅटरी, मग मेंदूचा फोटो. मग ते वृषालीसमोर खुर्ची ओढून बसले.

"आता करून उपयोग नाही," ते म्हणाले. "जे गेलंय ते परत येत नाही. आता त्याला हे सोसायचंही नाही. औषधांनीच जाईल. मी करणार नाही."

"पर हिचं वजन भरलंय," वृषाली म्हणाली आणि अंजलीला पुढं केलं. "काट्यावर बघितलंय मी. तुमी म्हनला व्हता तेवढं भरलंय."

डॉक्टरांनी अंजलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग, कदाचित काहीतरी बोलायचं म्हणून, कदाचित त्यांना वाटलं की एवढ्या काळात हे नवरा-बायकोत कधीच बोलून झालं असेल, ते म्हणाले, "गेल्या वर्षी ते रक्त जिवंत पोचलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी ते चांगल्यासाठीच गोठवलं, बाई. मनात ठेवू नका."

वृषालीनं आधी डॉक्टरांकडं पाहिलं. मग संदेशकडं. तो जमिनीकडं पाहत होता.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. रतन जीप आणायला गेला होता. माणसं ये-जा करत होती, कुणी डबे घेऊन, कुणी चादरी घेऊन.

"रगत कमी न्हवतं?" तिनं विचारलं.

"न्हवतं."

"माझ्या लुगड्यात गुंडाळून नेलं असतं तर?"

वर्षभर संदेशनं या प्रश्नाची उत्तरं मनात तयार केली होती. कुणालाच खात्री नव्हती. ऊन फार होतं. जुळलं तरी रुजलं असतंच असं नाही. सगळी खरी होती.

"चाललं असतं," तो म्हणाला.

तिनं अंजलीला त्याच्या हातात दिलं. अनुपला दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर घेतलं. सात वर्षांचं पोर, लोंबकळणारे पाय तिच्या गुडघ्यांना लागत होते, तिला पायरी दिसत नव्हती. संदेश पुढं झाला.

"दे हिकडं. जड हाय त्यो."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्याला तुमी हात लावू नका."

अनुप पुढं अकरा महिने होता. वृषाली एकटीच त्याला भरवायची, धुवायची, कुशीवर वळवायची. चतुराबाई विनवून थकली, रतन समजावून थकला. संदेश खोलीच्या दारात उभा राहायचा. ज्या सकाळी अनुपचा श्वास थांबला त्या सकाळीही तो दारातच उभा होता, आणि वृषालीनं मान वर करून त्याला आत या म्हटलं नाही.